गळ बघायला गेलात तर दोरीही बघा – बिशप म्युझियम, होनोलुलू

होनोलुलूला जाणारी आपली बहुतेक मंडळी वायकीकी बीच आणि पर्ल हार्बर करून परत येतात, पण हाताने घडवलेल्या वस्तूंचं वेड असेल तर बिशप म्युझियमला अर्धा दिवस द्याच, माझ्याकडून पाचपैकी पाच. राजकन्या बर्निस पौआही बिशपच्या स्मरणार्थ तिच्या नवऱ्याने 1889 मध्ये काढलेलं म्युझियम. तीन मजली हवाईयन हॉल, वर टांगलेला व्हेलचा सांगाडा, सगळं भारीच आहे, पण मी गेले होते ती मासेमारीच्या गळांसाठी.

गळाला तिकडे माकाऊ म्हणतात. बेटांवर धातूची खाण नाही, त्यामुळे हाड, शिंपला, कासवाची पाठ, कुत्र्याचे दात, लाकूड जे मिळेल त्यातून गळ घडवायचे आणि घासायला कानस म्हणून पोवळं नाहीतर सी-अर्चिनचे काटे. माणसाच्या हाडाचेसुद्धा गळ असायचे, आणि आपल्या सरदाराच्या हाडांचा शत्रूने गळ केला तर तो भयंकर अपमान, म्हणून सरदारांची हाडं गुपचूप लपवून ठेवायचे. आकू नावाच्या माशासाठीचा गळ तर बघतच राहावा असा, शिंपल्याचा तुकडा पाण्यात छोट्या माशासारखा चमकतो त्यामुळे आमिष लावायचीच गरज नाही. काही गळांचं टोक इतकं आत वळलेलं असतं की यात मासा अडकणार कसा असं वाटतं, पण दोरी ताणली की गळ स्वतःच फिरतो आणि रुततो, हिसका द्यावा लागत नाही. आजचे सर्कल हुक ह्याच तत्त्वावर चालतात.

आणि आता दोरी, जिच्याकडे लोक बघतच नाहीत ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. ओलोना नावाचं झुडूप, आपल्या खाजकुयलीच्या नाही पण नेटल म्हणतात त्या कुळातलं, तरी न खाजणारं, आणि फक्त हवाईत उगवणारं. ओल्या दऱ्यांमधून कापून आणायचं, साल सोलून भिजवायची, लांब अरुंद फळीवर ठेवून कासवाच्या पाठीच्या किंवा शिंपल्याच्या पट्टीने खरवडायची, मग ते तंतू मांडीवर वळायचे, आपल्याकडे आजी वाती वळते ना तसेच. खाऱ्या पाण्यात न कुजणारी ही दोरी एकोणिसाव्या शतकात व्हेल मारायला येणारे खलाशी पण आवडीने घ्यायचे, आणि सरदारांच्या पिसांच्या झग्यांना आतून जाळी असते ती ह्याच ओलोनाची, कामेहामेहा राजाचा पिवळा झगा समोर असेल तर हे आठवून बघा.

माऊई देवाने मानाइआकालानी नावाच्या गळाने समुद्रातून जमीन ओढली, त्या कथेत भाऊ मागे वळून बघतात आणि दोरी तुटते, बेटं एकमेकांपासून सुटी राहतात. म्हणजे गळ कितीही दैवी असला तरी सगळा भार दोरीवरच, हे कोळ्यांनाच सुचणार!

वायकीकीच्या दुकानांत गळाचे लॉकेट ढीगभर मिळतात, बरेचसे साच्यातले, घ्यायच्या आधी म्युझियम बघा म्हणजे खरी घडण कळते.

आवारात प्लॅनेटेरियम आहे, झमनदास वाटुमल ह्या सिंधी व्यापाऱ्याच्या नावाचं, तेही चुकवू नका, कारण आपली वृश्चिक रास म्हणजे तिकडे माऊईचा गळ, आणि मूळ नक्षत्राचं वळण म्हणजे त्याचा आकडा. मुलं बरोबर असतील तर आधी गळ दाखवा आणि मग तिकडे न्या.