पेनिसिलिन जी की सेफॅलोस्पोरिन सी: सेमिनारसाठी कोणतं?

एमएस्सीच्या सेमिनारला या दोन नैसर्गिक प्रतिजैविकांपैकी (जिवाणू मारणाऱ्या औषधांपैकी) कोणतं घेऊ, असं भाचीनं विचारलं. दोन्ही बुरशीतून मिळालेली, आणि दोन्हींचं मर्म एकच: चार अणूंचं बीटा-लॅक्टम वलय.

रचना आणि क्रिया: वलयातले कोन नव्वद अंशांच्या आसपास दाबलेले, त्यामुळे ते सतत ताणाखाली. जिवाणूची भिंत विणणाऱ्या एन्झाइममधलं सेरीन हे अमिनो आम्ल वलयातल्या कार्बोनिलवर (कार्बन-ऑक्सिजनच्या जोडीवर) हल्ला करतं, वलय उघडतं आणि एन्झाइम तिथेच अडकून पडतं. भिंत अर्धवट राहते, वाढता जिवाणू फुटतो. फार देखणी यंत्रणा आहे ही! पेनिसिलिनमध्ये शेजारचं गंधकयुक्त वलय पाच अणूंचं, सेफॅलोस्पोरिनमध्ये सहा अणूंचं; म्हणून तिथे ताण थोडा कमी.

टिकाऊपणा: पेनिसिलिन जी जठरातल्या आम्लात मोडतं, पेनिसिलिनेज या पेनिसिलिन तोडणाऱ्या जिवाणूंच्या एन्झाइमपुढेही टिकत नाही. सेफॅलोस्पोरिन सी त्या एन्झाइमला सहसा दाद देत नाही.

मारकशक्ती: इथे पेनिसिलिन जी कितीतरी पुढे, विशेषतः ग्रॅम-पॉझिटिव्ह (जाड भिंतीच्या) जिवाणूंवर. सेफॅलोस्पोरिन सी मुळात दुबळं.

बदलाला वाव: सेफॅलोस्पोरिनच्या रेणूत ३ आणि ७ या क्रमांकाच्या दोन जागी गट बदलता येतात. पुढच्या पिढ्यांची औषधं त्यातूनच आली.

क्रियेची यंत्रणा मांडायची असेल, तर पेनिसिलिन जी घे. पेनिसिलिन बनवण्यासाठी उभारलेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा धागाही जोडता येईल. प्रतिकारशक्ती कमावलेले जिवाणू आणि औषधांची घडण यांत रस असेल, तर सेफॅलोस्पोरिन सी. सुरुवात इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या काल्यारी शहरापासून कर: ब्रोत्झू या इटालियन शास्त्रज्ञांना सेफॅलोस्पोरिन देणारी बुरशी १९४५ मध्ये सांडपाण्याच्या मुखाशी सापडली.