मिसइन्फर्मेशन, डिसइन्फर्मेशन की फेक न्यूज? इंग्लिशमधे बोलताना कुठला शब्द घ्यायचा

आयेल्ट्स या इंग्लिशच्या परीक्षेचा स्पीकिंग राउंड असो, एमबीएचा जीडी म्हणजे ग्रुप डिस्कशन असो की ऑफिसमधे बाहेरच्या टीमसोबतचा कॉल, खोट्या फॉरवर्डचा विषय निघाला की आपली पोरं सगळ्यालाच फेक न्यूज म्हणून मोकळी होतात. माझं मत विचाराल तर हा शब्द सोडाच. 2017 मधे कॉलिन्स डिक्शनरीने त्याला वर्षाचा शब्द ठरवलं होतं, पण तोवर ट्रम्पसारखे नेते स्वतःला न आवडलेल्या खऱ्या बातमीलाही तेच म्हणायला लागले होते, मग 2018 मधे ब्रिटनच्या संसदीय समितीने सरकारला सांगितलं की हा शब्द बंद करा, त्याऐवजी मिसइन्फर्मेशन आणि डिसइन्फर्मेशन वापरा.

आता या दोघांतला कुठला, तर फरक हेतूचा आहे. मुलं पळवणारी टोळी आलीय म्हणून 2018 च्या आसपास एक व्हिडिओ देशभर फिरत होता आठवतंय का, तो मुळात कराचीतली मुलांच्या सुरक्षेची जाहिरात होती, शेवटी मूल सुखरूप परत सोडतात आणि संदेशाची पाटी दाखवतात, नेमका तेवढाच भाग कापलेला. ज्याने तो कापून सोडला त्याने पसरवली ती डिसइन्फर्मेशन, आणि काळजीपोटी फॅमिली ग्रुपवर टाकणाऱ्या मावशीने केली ती मिसइन्फर्मेशन. व्हिडिओ एकच, पाठवणारा बदलला की नाव बदललं. पण मिस म्हणजे सौम्य असं अजिबात समजू नका, अशाच अफवेतून 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं, आणि त्या अफवा पुढे ढकलणाऱ्या कितीतरी लोकांना त्या मनापासून खऱ्याच वाटत होत्या.

म्हणून समोरच्याचा हेतू दाखवता येत नसेल तर मिसइन्फर्मेशनच घ्या. डिसइन्फर्मेशन म्हटलं की तुम्ही कुणावर तरी मुद्दाम फसवल्याचा आरोप करताय, मेलमधे तर फारच जपून. तिसरा एक भाऊ आहे मालइन्फर्मेशन, माहिती खरीच पण कुणाला त्रास द्यायला बाहेर काढलेली, उदाहरणार्थ एखाद्याचे खाजगी फोटो किंवा घरचा पत्ता. जर्नलिझम किंवा लॉ करणाऱ्यांनी शिकावा, बाकीच्यांचं त्याच्याशिवाय अडत नाही.

रूमर की होक्स? खरंखोटं अजून कळलेलं नाही तर रूमर, कुणीतरी रचून केलेला बनाव असेल तर होक्स.

कॉन्स्पिरसी आणि कॉन्स्पिरसी थिअरी मात्र नीट वेगळे ठेवा, इथे खूप जण घसरतात. वॉटरगेट, म्हणजे 1972 मधे अमेरिकेत विरोधी पक्षाच्या ऑफिसात झालेली घुसखोरी आणि ती दडपण्याचा प्रयत्न, ही कॉन्स्पिरसी, खरंच झालेला कट, कोर्टात सिद्ध झाला आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची माणसं जेलमधे गेली. 1969 ला माणूस चंद्रावर गेलाच नाही, सगळं स्टुडिओत शूट केलं, ही कॉन्स्पिरसी थिअरी. 5जी मुळे कोरोना पसरतो हीसुद्धा, 2020 मधे ब्रिटनमधे त्यापायी मोबाइल टॉवर जाळले लोकांनी. पण समोर बसलेल्या माणसाला तोंडावर कॉन्स्पिरसी थिअरिस्ट म्हणू नका, तो अपमान आहे आणि बोलणं तिथेच संपतं, अनफाउंडेड क्लेम (बिनबुडाचा दावा) म्हणा, म्हणजे तुम्ही दाव्याबद्दल बोलताय, माणसाबद्दल नाही.

क्रियापदांत डिनाय आणि रिफ्यूट यांची अदलाबदल सगळ्यात जास्त दिसते. मंत्र्याने आरोप नुसता नाकारला तर डिनाय, पुरावा देऊन खोडून काढला तर रिफ्यूट. पसरलेली खोटी गोष्ट नंतर उघडी पाडणं म्हणजे डिबंक, आणि ती यायच्या आधीच लोकांना सावध करणं म्हणजे प्रीबंक, हा नवा आहे पण आरोग्य आणि निवडणुकीच्या विषयात हमखास कामाला येतो.

आणि मिसइन्फर्मेशन्स असं अनेकवचन कधीच करू नका, एकेक गोष्ट मोजायची असेल तर अ पीस ऑफ मिसइन्फर्मेशन म्हणा किंवा सरळ फॉल्स क्लेम्स म्हणा, बोलताना दुसरं जास्त सोपं जातं.