बेक्ड पास्त्यासोबत काय: गार्लिक ब्रेड की तवशाची कोशिंबीर?

रत्नागिरीला आमच्याकडे बेक्ड पास्ता म्हटला की मुलं आधी गार्लिक ब्रेड मागतात. मागणी रास्तच आहे. बेकरीतला पाव चिरायचा, लोणी, लसूण, कोथिंबीर चोपडायची आणि 180 अंशांवर सात-आठ मिनिटं ठेवायचा. कडा कुरकुरीत होतात, भांड्याच्या तळाचा सॉस पुसून खाता येतो. पण व्हाइट सॉसमध्ये मैदा नि लोणी, वर चीज, त्यात पुन्हा लोण्याचा पाव! चार घासांत पोट गच्च होतं.

मला म्हणून तवशाची, म्हणजे कोकणातल्या मोठ्या काकडीची, कोशिंबीर हवी. श्रावण-भाद्रपदात परसातलं तवसं मिळालं तर सोन्याहून पिवळं. मधला बियांचा गर काढून बारीक चोचवायचं. वर ओलं खोबरं, हिरवी मिरची, चमचाभर कोकमाचं आगळ. दही नको, दूध-चीज आधीच भरपूर आहे. आगळ खारट असतं, म्हणून मीठ बेतानं आणि तेही वाढताना. नाहीतर पाणी सुटून पास्त्यावरचा खरपूस पापुद्रा भिजतो. त्या आंबटगार घासानंतर चीज पुन्हा नव्यानं चवदार लागतं.

टोमॅटो सॉसचा पास्ता असेल तर मात्र पावच करा. आंबटावर आंबट नको.