मॅनिफोल्डचे स्टड: साधं पोलाद, स्टेनलेस की आधी नटाचा विचार?

जुन्या गाडीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करून बाहेर नेणारा नळ्यांचा भाग) उतरवताना एक क्षण येतोच. नट फिरायला लागला म्हणून आपण खूश होतो, पण हाताला ते फिरणं रबरासारखं मऊ लागतं. मग टक्! नट जागचा हललेलाच नसतो, पिळवटला जात होता तो स्टड, म्हणजे इंजिनाच्या हेडमध्ये बसवलेला, दोन्ही टोकांना आटे असलेला दांडा.

म्हणून नवे स्टड घेताना मी ताकदीच्या आधी एकच गोष्ट बघतो: पुढच्या वेळी हा नट सुटेल का? हे स्टड ताणाने तुटण्यापेक्षा गंजल्यावर पान्याखाली जास्त तुटतात.

स्टेनलेसचा मोह सगळ्यांनाच होतो. गंजत नाही, चकचकीत दिसतो. पण स्टेनलेस स्टडवर स्टेनलेसचाच नट कोरडा चढवला तर आटे एकमेकांना चावतात आणि नट अर्ध्या वाटेत असा अडकतो की कापूनच काढावा लागतो. शिवाय नेहमीच्या ए२-७० स्टेनलेसची ताणशक्ती ७०० मेगापास्कल, तर साध्या ८.८ ग्रेडच्या पोलादाची ८००. म्हणजे महाग ते मजबूत असंही नाही. आणखी एक अडचण आहे. तापल्यावर हे स्टेनलेस बिडाच्या साधारण दीडपट प्रसरण पावतं. हेड आणि मॅनिफोल्ड दोन्ही बिडाचे असतील तर ऐन गरम असताना स्टडची पकड थोडी सैलावते. इनटेकच्या बाजूला खुशाल वापरा, तिथे एवढी उष्णता नसते.

याहून कडक अशा १०.९ ग्रेडच्या पोलादाबद्दल थोडक्यात: गरज नाही. तुटलाच तर ड्रिलने पोखरताना तो कडकपणा आपल्यालाच नडतो.

माझी पसंती ८.८ च्या साध्या स्टडला, आणि त्यावर पितळी नट. पितळ पोलादाला गंजाने चिकटत नाही, आणि आटे गेलेच तर नटाचे जातात, स्टड वाचतो. पितळ मऊ असल्यामुळे हे नट उंच घ्यावेत, म्हणजे जास्त आटे धरतात. पाना मात्र बारा कोनी नको. सहा कोनी सॉकेट घ्या, नाहीतर नटाचे कोपरे गोल झालेच समजा. टर्बोचं इंजिन असेल तर मी पितळ टाळतो, तिथे तांब्याचा मुलामा दिलेले पोलादी नट बरे.

सगळे बदलायचे की तुटलेला तेवढाच? जे स्टड दोन नट एकमेकांवर आवळून, थोडी उष्णता देऊन सहज निघतात, ते सगळे बदला. जो हट्टाने बसलाय, पण ज्याचे आटे शाबूत आहेत, त्याला डिवचू नका. नव्या-जुन्याची जोडी दिसायला विजोड दिसेल, दिसू दे.

हेडच्या पातळीत तुटलेल्यासाठी दोन वाटा. त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करणं ही पहिली: वेल्डिंगच्या उष्णतेनेच गंजाची पकड सुटते आणि धरायला नटही मिळतो. बिडाच्या हेडमध्ये हे छान जमतं. दुसरी वाट ड्रिलची. त्यात पंचची खूण बरोबर मध्यात पडली पाहिजे, आणि जमल्यास डावीकडे फिरणारं ड्रिल वापरा. कधी कधी तुकडा त्याच्याबरोबरच बाहेर येतो. उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर (तुटलेल्या तुकड्यात रुतवून तो उलटा फिरवून काढायचं हत्यार) मी अगदी शेवटचा उपाय म्हणून हातात घेतो. तो स्टडपेक्षा कडक असतो, आत मोडला तर साधं ड्रिल त्यावर चालत नाही. भोकाचे आटेच गेले असतील तर भोकात बसवून नवे आटे देणाऱ्या तारेच्या कॉइलने काम भागतं. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला आणि वारंवार उघडाव्या लागणाऱ्या जागी मी त्याऐवजी आतून आटे असलेला भरीव बुश बसवतो.

बसवण्याआधी दोन गोष्टी तपासा. जुन्या ब्रिटिश इंजिनांत बरेचदा स्टडच्या दोन टोकांचे आटे वेगळे असतात: हेडकडे जाड यूएनसी, नटकडे बारीक यूएनएफ. दुसरं, भोक पाण्याच्या जॅकेटपर्यंत (हेडमधल्या कूलंटच्या पोकळीपर्यंत) आरपार असेल तर कूलंट आधी काढा आणि त्या टोकाला सीलंट लावा. स्टड हेडमध्ये हातानेच बसवायचा, पान्याने आवळायचा नाही. नटाच्या आट्यांना अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावलं असेल तर कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क, म्हणजे आवळण्याचा ठरलेला जोर, जसाच्या तसा वापरू नका, नट गरजेपेक्षा जास्त आवळला जातो.

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर नट पुन्हा एकदा बघा. गास्केट दबलेलं असतं, नट अजून थोडे आवळले जातातच.