डीपीएफवाली डिझेल गाडी: १४ महिने, १९,००० किलोमीटर

मायलेज, सीट, म्युझिक सिस्टीम यांवर सगळेच लिहितात. मी फक्त सायलेन्सरच्या बाजूचं लिहितो, कारण बीएस-६ डिझेल घेताना शोरूममध्ये त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

पहिले चार महिने बाणेर ते हिंजवडी, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत. एके दिवशी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, भरत आला होता. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्या फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा दाब सतत मोजतो. फरक वाढला की थोडं डिझेल उशिरा सोडून धूर ६०० अंशांच्या आसपास तापवतो आणि काजळी जाळून टाकतो. यालाच रिजनरेशन म्हणतात. माझं मात्र ते पुरं व्हायच्या आत ऑफिस यायचं आणि मी गाडी बंद करायचो. अर्धवट राहिलं की ते जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरत जातं. डिपस्टिक काढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर, बोटांना डिझेलचा वास. तेव्हा खरंच घाबरलो. मुदतीच्या आधीच ऑइल बदललं, तेही कमी राख करणारं; साध्या ऑइलची राख फिल्टरमध्ये साठते आणि ती कितीही तापवली तरी जळत नाही.

एक गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, फिल्टर काढून सॉफ्टवेअर मारू, कटकटच नको." मी साफ नाही म्हटलं. बीएस-४ डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कण सोडायची मुभा होती, बीएस-६ला ४.५. ते कण ज्याच्यात अडतात तोच काढायचा, आणि मागचा स्कूटरवाला ते हुंगणार? कृपा करून कुणीही हे करू नका.

रिजनरेशन पुरं व्हावं म्हणून आता दर रविवारी सकाळी बायपासने खेड शिवापूरपर्यंत जाऊन येतो, आरपीएम २०००च्या वर ठेवून. उभ्या गाडीचा आरपीएम ८००वरून १०००वर गेला, पंखा घोंघावायला लागला, अ‍ॅव्हरेज अचानक पडलं, की रिजन चालू आहे हे आता मला कळतं. मग घर आलं तरी एक फेरी जास्त मारतो, पण इंजिन बंद करत नाही. गेल्या १० महिन्यांत दिवा लागलेला नाही.

रोजचं जाणं-येणं शहरातलंच आणि हायवे महिनोन्‌महिने नसेल, तर पेट्रोल घ्या.

पार्किंगमध्ये जुन्या डिझेलच्या मागे भिंतीवर काळा गोल डाग पडला होता. ही गाडी आली तेव्हा त्यावर चुना मारला. भिंत अजून पांढरी आहे.