फिनच्या डिझाइनसाठी गेलेले साडेचौदा हजार

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं फायबरचं छोटं वर्कशॉप आहे. टाक्यांची झाकणं, मशीनची कव्हरं, असली कामं करतो. सोलापुरात बसून सर्फबोर्डशी माझा संबंध येण्याचं काही कारण नव्हतं. पण मेहुणा मंगळूरला नोकरीला आहे आणि तिथून जवळच मुल्कीला सर्फिंग शिकवतात. बोर्डाच्या खालची फिन, म्हणजे माशाच्या परासारखं पातं, खडकाला लागून तुटते आणि बाहेरून मागवली तर महाग पडते. तो म्हणाला, "दाजी, तुम्ही फायबरमध्येच आहात, बघा ना जमतंय का."

काम माझ्या हातातलं होतं, अडलं होतं ते डिझाइनवर. शोधताना व्हॉट्सअ‍ॅपवरून डिझाइन विकणारा एक जण भेटला. 120 डिझाइन, थेट मशीनवर लावायच्या फाइली, शिवाय तीन फिनच्या रचनेचे "भारतातले हक्क", सगळं 8,500 रुपयांत. व्हिडिओत फिन गोल गोल फिरताना दाखवली होती. ती मधून कापली तर जाडी कशी दिसते, हे एकदाही दाखवलं नव्हतं. मी ते मागितलंही नाही. तिथेच चुकलो.

पैसे पाठवल्यावर फाइली आल्या. त्या घेऊन ओळखीच्या सीएनसीवाल्याकडे, म्हणजे संगणकावर चालणारं कापायचं मशीन असलेल्याकडे, गेलो. त्याने एक उघडली, दुसरी उघडली आणि म्हणाला, "मालक, यात झेडच नाही." म्हणजे लांबी-रुंदी होती, जाडी नव्हती. कागदावर पेन्सिलने काढावी तशी नुसती बाहेरची रेघ. 120 मधले मूळ आकार नऊच निघाले, बाकी तेच लहान-मोठे केलेले.

विकणाऱ्याला विचारलं, तर म्हणाला, जाडीचा डेटा वेगळा असतो, त्याचे 6,000. आधीचे वाया जाऊ नयेत म्हणून तेही दिले. त्यानंतर त्याने नंबर ब्लॉक केला.

ज्याला यातलं काही करायचं आहे, त्याने ही गोष्ट नीट समजून घ्यावी. फिनचं खरं डिझाइन तिच्या जाडीत असतं. त्याला फॉइल म्हणतात. तीन फिनच्या बोर्डात मधली फिन दोन्ही बाजूंनी सारखी फुगीर असते. कडेच्या दोन फिन सहसा आतून सपाट आणि बाहेरून फुगीर असतात, म्हणून डावी आणि उजवी वेगळी करावी लागते. मला मिळालेल्या फाइलींत डावी-उजवी हा फरकच नव्हता. बूडही तपासा. फिन बोर्डात बसवायच्या एफसीएस आणि फ्युचर्स अशा दोन कंपन्यांच्या पद्धती आहेत. एफसीएसच्या जुन्या पद्धतीत दोन छोटे टॅब असतात, फ्युचर्समध्ये एकच लांब पट्टी. एकीची फिन दुसरीच्या खाचेत बसत नाही. मी 6 मिलीमीटरच्या शीटमधून एक नमुना कापून मुल्कीला पाठवला होता. तो खाचेत अर्धासुद्धा उतरला नाही.

आणि ते "हक्क"! तीन फिनची थ्रस्टर रचना ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने 1980 मध्ये केली आणि 1981 मध्ये त्याच बोर्डावर बेल्स बीचची स्पर्धा जिंकली. त्याने तिचं पेटंट घेतलंच नाही. जगभर सगळे ती वापरतात. जे कुणाच्या मालकीचं नाही, त्याचे हक्क मला विकले गेले. अर्धा तास वाचलं असतं तर हे तेव्हाच कळलं असतं, याचं फार वाईट वाटतं.

जे हवं होतं ते फुकट मिळतं. थिंगिव्हर्स या वेबसाइटवर लोकांनी जाडीसकट बनवलेल्या फिनच्या फाइली आहेत. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या संग्रहात विमानाच्या पंखांच्या छेदांचे आकडे आहेत, त्यातले दोन्ही बाजूंनी सारखे असलेले मधल्या फिनला चालतात. त्यात "नाका 0006" (NACA 0006) नावाचा छेद घेतला, तर शेवटचे दोन आकडे म्हणजे जाडी रुंदीच्या 6 टक्के. पाया 110 मिलीमीटर असेल तर 6.6 मिलीमीटर, आणि सगळ्यात जाड जागा पुढच्या कडेपासून सुमारे 30 टक्क्यांवर. खाचेच्या पद्धतींची पेटंटंही गूगल पेटंट्सवर चित्रांसकट वाचता येतात. कुणाची पद्धत जशीच्या तशी विकायला काढण्याआधी ती जरूर बघा.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तो अकराव्या दिवशी. तोपर्यंत त्या खात्यात काही उरलं नव्हतं. तुमच्यावर अशी वेळ आली तर त्याच तासाला फोन करा, व्यवहाराचा क्रमांक आणि चॅट जपून ठेवा. लाजेपोटी घरात कुणाला सांगितलं नाही म्हणून माझे दहा दिवस गेले.

नंतर मेहुण्याने एक तुटकी अस्सल फिन कुरिअरने पाठवली. तिच्यावरून काचेच्या कापडाचे थर देऊन, ग्राइंडरने आणि मग पॉलिश पेपरने घासून मी एक फिन केली आहे. ती आणि त्या फाइलीवरून कापलेली, मुल्कीहून परत आलेली, अशा दोन्ही वर्कशॉपच्या टेबलावर ठेवल्या आहेत. कुणी असली डिझाइन विकत घ्यायच्या विचारात असेल तर आधी येऊन दोन्हींवरून बोट फिरवून बघा.