छावणीतील चर्चचे विनामूल्य रोजगार मार्गदर्शन: एक अभिप्राय

छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागातील एका चर्चच्या सभागृहात एक निवृत्त दांपत्य आठवड्यातून दोन संध्याकाळी नोकरी शोधणाऱ्यांना मार्गदर्शन करते. माझा भाचा बदनापूर तालुक्यातला असून आयटीआयचा फिटर ट्रेड उत्तीर्ण आहे. त्याच्या निमित्ताने आम्ही तेथे जाऊ लागलो.

दोघांना सगळे सर आणि मॅडम असेच म्हणतात. सरांची उभी हयात वाळूजमधील एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात, म्हणजे कामगारांच्या हजेरीच्या कचेरीत गेली, तर मॅडम जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यामुळे कागदपत्रे मॅडमकडे आणि कंपन्यांचा विषय सरांकडे, अशी कामाची वाटणी आपसूकच झालेली आहे.

मॅडमनी सर्वप्रथम भाच्याचे आधार कार्ड, गुणपत्रिका आणि बँकेचे पासबुक शेजारी शेजारी मांडले. तिन्हीवर नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले होते. पीएफचा (भविष्य निर्वाह निधीचा) यूएएन हा कायमचा क्रमांक आधारशी जोडला जात असल्याने नावात किंवा जन्मतारखेत तफावत राहिली, तर पुढे स्वतःचेच पैसे काढण्यासाठी खेटे घालावे लागतात, हे त्यांनी त्याला नीट समजावले आणि दुरुस्ती झाल्याशिवाय अर्ज भरू दिला नाही. मग बायोडाटा हाती घेतला. नेट कॅफेवाल्याने त्यात उंची, जात, छंद असे सारे स्थळ पाहायला निघाल्यासारखे भरले होते. ते लाल पेनाने खोडून त्यांनी कोणती मोजमापाची साधने प्रत्यक्ष हाताळता येतात, ते लिहायला सांगितले. भाच्याने व्हर्निअर आणि मायक्रोमीटर लिहिताच सरांनी टेबलाच्या खणातून मायक्रोमीटर आणि एक पिन काढून त्याच्यापुढे ठेवली. त्याला माप वाचता आले नाही. सरांनी रागावण्याऐवजी शिकवले आणि अचूक वाचता येईपर्यंत तो शब्द बायोडाट्यात येऊ दिला नाही.

बायोडाट्याच्या माथ्यावरचे ‘श्री गणेशाय नमः’ मात्र मॅडमनी तसेच ठेवले. चर्चमध्ये जायचे म्हणून आमच्या घरी जी कुजबुज झाली, तिला एवढे उत्तर पुरेसे आहे. प्रार्थनेला बसा, असेही तेथे कोणी म्हणत नाही. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली, तेव्हापासून मराठवाड्यातील ख्रिस्ती मंडळींना माणसाच्या पोटापाण्याचा प्रश्न परका नाही. छावणीतील या रांगेत तर सर्व जातीधर्मांची मुले असतात.

या सेवेचे खरे मोल सरांच्या प्रश्नांत आहे. भाच्याला एका लेबर कॉन्ट्रॅक्टरकडून बोलावणे आले होते आणि महिन्याची रक्कम शिकाऊ उमेदवाराच्या (अप्रेंटिसच्या) विद्यावेतनापेक्षा बरीच अधिक होती. सरांनी विचारले की नियुक्तिपत्र कोण देणार, पगार बँकेत कोणाच्या खात्यातून येणार, पगाराच्या पावतीवर पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) दिसणार का, आणि ‘डिपॉझिट’ म्हणून मागितलेले पैसे कशासाठी आहेत. एकाही प्रश्नाला कॉन्ट्रॅक्टरकडून सरळ उत्तर मिळाले नाही. तेव्हा त्याऐवजी कंपनीत शिकाऊ उमेदवार म्हणून लागावे, असा सल्ला सरांनी दिला. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली झालेल्या करारात पीएफ नसतो आणि कंपनी पुढे कायम करेल याची हमीही नसते, हे सांगायला सर विसरले नाहीत. परंतु अखेरीस परीक्षा देऊन मिळणारे राष्ट्रीय प्रमाणपत्र पुढच्या प्रत्येक कंपनीत चालते, हा त्यांचा मुद्दा होता. 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेबद्दलही ते असेच रोखठोक बोलतात: आयटीआयवाल्याला दरमहा 8,000 रुपये विद्यावेतन ठरले, तरी ते प्रशिक्षण आहे, नोकरी नव्हे.

सल्ला योग्यच होता, पण ज्या घरावर सोसायटीचे कर्ज आहे आणि सोयाबीन पावसात गेले आहे, त्या घराला वर्षभर कमी पैशांत थांबायला सांगणे सोपे नसते. या बाजूचा विचार सर पुरेसा करत नाहीत, असे मला वाटले. मॅडमनी ते ओळखले आणि माझ्या बहिणीला बोलावून खोलीभाडे, मेस आणि जाण्यायेण्याच्या खर्चाचा हिशेब तिच्यासमोर कागदावर मांडला. तो पाहिल्यावर कॉन्ट्रॅक्टरच्या पगारातून घरी पाठवण्यासारखे फारसे उरत नव्हते. भाचा सध्या चिकलठाण्यात शिकाऊ उमेदवार आहे.

उणिवा आहेतच. सरांच्या ओळखी वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील कारखान्यांपुरत्या असल्याने बी.ए., बी.कॉम. झालेल्यांना येथे बायोडाटा दुरुस्त करून मिळतो, त्यापलीकडे फारसे काही नाही. मुलींसाठी रात्रपाळी आणि कंपनीच्या बसची चौकशी मॅडम आवर्जून करतात, तरी त्यांच्यासाठीच्या जागा कमीच निघतात. ऑनलाइन नोंदणी चर्चच्या मंडळीतील तरुण करून देतात. ते आले नाहीत, की काम पुढच्या खेपेवर जाते. ‘साहेबांना सांगून चिकटवून द्या’ एवढीच अपेक्षा असणाऱ्यांनी येथे जाऊ नये, कारण सर चिठ्ठी देत नाहीत.

जाताना मूळ कागदपत्रांसोबत झेरॉक्स न्याव्यात आणि शक्यतो सभागृह उघडण्याआधी पोहोचावे. लांबून येणाऱ्यांना आधी घेतले जाते, मात्र शेवटची बस किती वाजता आहे ते आपण होऊन सांगावे लागते.